बर्फावरचा खांब

ग्राइंडिंगच्या मशीनखाली दिवसभर बुरा साठत जातो. कुणी मुद्दाम साठवत नाही. संध्याकाळी झाडायला घ्यावं तर घमेलं भरतं आणि आपण म्हणतो, अरेच्चा, एवढं कधी झालं? किश्श्यांचं तसंच आहे. चेन्नईतल्या गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं टूल ग्राइंडिंगचं छोटं शॉप आहे. मी मूळचा इचलकरंजीचा, पण गेली पंचवीस वर्षं इथेच आहे. या पंचवीस वर्षांत ड्रिल आणि कटरांना जेवढी धार लावली, त्याहून जास्त वेळ चार वाजताच्या चहात गेला. हे सगळे त्याच घमेल्यातले किस्से.

बायको म्हणते, माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करावं. मला ते माहीत आहे, म्हणून मी आधीच दुप्पट सांगतो. हिशेब बरोबर बसतो!

आमच्या शॉपचे मुख्य कारागीर सुंदरराव. तंजावरकडचे मराठी. शेकडो वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज इकडे आले आणि मराठी तशीच डब्यात घालून ठेवली, वर थोडी तमिळची फोडणी दिली. "मी केलं" म्हणायचं तर ते म्हणतात "मी केलों". पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी जुन्या बखरीतून उठून थेट टी-ब्रेकला आलंय. मला "शिंदे सार" म्हणतात. हात असा, की केसाची जाडी बोटानं सांगतात. आणि त्यांची एकुलती एक मुलगी जानकी हिनं चेन्नईसारख्या गावात बर्फावर नाचायचं ठरवलं!

*

झालं असं की जानकी नववीत होती. मावसभावाच्या वाढदिवसाला सगळी पोरं एका मॉलमध्ये गेली. तिथे तळमजल्यावर बर्फाचा रिंक आहे. रिंक म्हणजे काय, कल्याण मंडपातल्या, म्हणजे इथल्या मंगल कार्यालयातल्या, जेवणाच्या हॉलएवढा बर्फ. त्यातही वर तीन मजले असल्यामुळे बरोब्बर मधे एक खांब. खांबाला चारी बाजूंनी फोम गुंडाळलाय आणि त्यावर पांढऱ्या अस्वलाचं चित्र. पोरं तासभर धडपडली, केक खायला पळाली. जानकी बाहेर आलीच नाही. शेवटी शिट्टी वाजवून काढावी लागली.

घरी येऊन तिनं जाहीर केलं, "अप्पा, मला फिगर स्केटिंग शिकायचंय. आणि कॉम्पिटिशनमध्ये उतरायचंय."

तिथे शिकवणारे डेव्हिड सर सरळ माणूस. म्हणाले, "मुली पाचव्या वर्षी सुरू करतात. तू चौदाची. फार उशीर झालाय, मा."

जानकी म्हणाली, "मग आजच सुरू करू या सर. उद्या अजून उशीर होईल!"

डेव्हिड सर हसून तयार झाले. तिची आई तुळसावहिनी मात्र एवढ्यावर तयार होणाऱ्या नव्हत्या. वहिनी शाळेत गणित शिकवतात. त्यांनी अट घातली. "अकरावीपर्यंत. तेवढ्यात एकदा स्पर्धेत उतरलीस तर उतरलीस. बारावीला लागलीस की बूट माळ्यावर!" त्यावर डेव्हिड सरांनी आपली अट घातली. संपूर्ण प्रोग्राम एकदा तरी न पडता करून दाखवला, तरच नाव पाठवणार.

म्हणजे हातात दोन वर्षं. आणि पोरगी अजून कठडा सोडून उभी राहत नव्हती.

*

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. नवशिक्या चिमुरड्यांना धरायला तिथे प्लास्टिकचे पेंग्विन असतात, चालायला शिकणाऱ्या पोराच्या पांगुळगाड्यासारखे. जानकी सातव्यांदा पडली तेव्हा एक पाच वर्षांचं पोरगं सरकत सरकत तिच्याजवळ आलं. तिच्याकडे नीट पाहिलं. मग आपला पेंग्विन तिच्यापुढे ढकलून म्हणालं,

"घे अक्का. मी पण लहान असताना पडायचो!"

*

सुंदरराव राहतात तिरुवल्लिकेणीला. तिथून मॉलला जायला सकाळी सहाची बस. मॉल उघडायच्या आधी दोन तास बर्फ रिकामा मिळायचा. आता रिंकमध्ये थंडी असते, म्हणून वहिनींनी मुलीला लोकरीची टोपी, हातमोजे, मफलर, दोन स्वेटर असा बंदोबस्त करून दिला. तो पिशवीतून न्यावा आणि तिथे घालावा असं वहिनींना कधी वाटलं नाही. घरूनच घालून जायचं! महिना मे. चेन्नईत सकाळी सहालाही अंगाची काहिली होते. बसस्टॉपवर लोक घामाच्या धारा पुसतायत आणि मधे ही पोरगी नाकापर्यंत मफलर गुंडाळून उभी.

पहिल्या दिवशी कंडक्टरनं तिला वर चढू दिलं, तिकीट फाडलं, थोडा वेळ विचार केला आणि अगदी कळकळीनं म्हणाला (इकडे लहान मुलीला पापा म्हणतात),

"पापा, ही बस गिंडीपर्यंतच जाते. ऊटीला नाही जात!"

*

आता बुटांचं. जानकीचे बूट जुने, कुणीतरी वापरलेले. पात्यांची धार गेलेली. धार लावून देणारा माणूस शोधला तर सगळ्यात जवळचा निघाला दुसऱ्या राज्यात. सुंदरराव हसले. "पोलादाला धार लावायला बर्फाचं गाव कशाला हुडकतां? आपण काय शॉपात इडली करतों?"

एका शनिवारी बूट शॉपमध्ये आणले. सुंदररावांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पातं पाहिलं आणि चुकचुकले. "शिंदे सार, बघा. पहिल्या मालकानं कायतरी दगडावर आपटून पुढचा भाग करवतीसारखा करून टाकलाय. अय्यो पावम, बिचारं!"

मीही पाहिलं. खरंच, पात्याच्या टोकाला दाते दाते. मी म्हटलं, "रानटी लोक असतात हो."

दोन तास सुंदरराव मशीनवर होते. दाते घासून सफाचट. टोक असं गोल आणि गुळगुळीत केलं, की त्यात तोंड पाहून मी मिशी नीट केली. जानकीला बूट दिले तेव्हा त्यांची छाती चार इंच पुढे होती.

रविवारी सकाळी आम्ही दोघं मुद्दाम बघायला गेलो. डेव्हिड सर म्हणाले, "जानकी, आज उडी. मागे सरकत ये, पायाचं टोक बर्फात रोव, आणि वर!"

ती मागे सरकत आली. टोक रोवलं. पण रोवायला होतं कुठे काय! ते दाते बर्फात रुतायलाच असतात, हे ज्ञान आम्हाला त्या क्षणी झालं. पोरगी लोण्यावरच्या सुरीसारखी जी सुटली ती थेट खांबावर. धप्प! तिनं अस्वलाला मिठी मारली आणि तशीच घसरत खाली बसली.

लागलं नाही. फोमाची कृपा. तिनं तिथूनच विचारलं, "अप्पा, पुढचे दात कुठे गेले?"

सुंदररावांनी चार दिवस चहा सोडला. पाचव्या दिवशी बूट परत शॉपमध्ये आणले आणि म्हणाले, "ज्या हातानं काढलों, त्याच हातानं बसवतों." जिथे पोलाद शिल्लक होतं तिथे, थोडं मागे, बारीक चाकानं एकेक दाता कोरून काढला. बूट पकडायला फिक्श्चर बनवलं, गोलाई मोजायला रेडियस गेज लावला, पात्याच्या मधोमध ती बारीक पन्हळ असते ती मोजून मोजून घासली. मग डेव्हिड सरांना फोन. "सार, टॉलरन्स किती ठेवूं? किती मायक्रॉन इकडेतिकडे चालेल?"

डेव्हिड सर वैतागले. "बर्फ आहे राव! बर्फाला मायक्रॉन कळत नाही."

सुंदरराव शांतपणे म्हणाले, "माझ्या पोरीच्या पायाला कळतें."

*

त्या दिवसापासून खांबाशी जानकीची मैत्रीच झाली. कशी होणार नाही? एवढ्याशा बर्फात कुठेही वळायचं म्हटलं तरी तो आडवा. डेव्हिड सरांनी तिचा सगळा प्रोग्रामच खांबाला धरून बसवला. खांबापासून सुरुवात, खांबाच्या उजवीकडे उडी, डावीकडे गिरकी. आणि सगळ्यात देखणा भाग म्हणजे एक पाय मागे उंच धरून बगळ्यासारखी सरकत ती खांबाभोवती पूर्ण फेरी घालायची. हात लांब केलेला, बोटं फोमापासून एक इंचावर. स्पर्श नाही!

सुरू करण्याआधी ती खांबाला हात लावून डोळ्यांना लावायची. रंगमंचाला करतात ना, तसं.

डेव्हिड सर स्वतः म्हणायचे, "हा खांब नसता तर ही मुलगी कधीच वळायला शिकली नसती."

हे वाक्य लक्षात ठेवा.

*

तुळसावहिनी रिंकवर कधी आल्या नाहीत. "मला ते बघवत नाही. आणि रविवारी मला भाजी आणायची असते." झालं.

रिंकवर बर्फ साफ करायला मुरुगन नावाचा माणूस आहे. मोठ्या गावात त्यासाठी गाडी असते म्हणे. इथे मुरुगन, बादलीभर गरम पाणी आणि लांब दांड्याचा फडका. तो बर्फ असा सारवतो, की कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, काढायला तयार अंगण वाटावं. एकदा मी त्याच्याशी गप्पा मारत होतो. तो म्हणाला, "सार, त्या पापाची एक चाहती आहे. दर रविवारी वरच्या मजल्यावर कठड्याला धरून उभी असते. सुती साडी, हातात पिशवी. पिशवीतून मुरुंगैच्या शेंगा बाहेर आलेल्या."

मी वर पाहिलं. शेवग्याच्या शेंगा चटकन मागे सरकल्या!

मी सुंदररावांना सांगितलं. ते म्हणाले, "ठाऊक आहे. दोन वर्षं झाली, प्रत्येक रविवारी आमच्या घरी शेवग्याचं सांबारच होतें. वाटेत मिळतात त्या शेंगा घेऊन ती बघत उभी राहते, तोवर बाकी भाजी संपून जाते."

*

आता आयुधपूजेचा किस्सा. नवरात्रातली नवमी. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, तसं इथे प्रत्येक कारखान्यात, दुकानात, रिक्षाला, लॅपटॉपला चंदन आणि कुंकू. आमच्या शॉपमध्ये सुंदरराव सगळी हत्यारं मांडतात. त्या दिवशी मशीन बंद. पूजेला ठेवलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. अगदी कडक!

त्या वर्षी व्हर्नियर आणि मायक्रोमीटरच्या मधे, केळीच्या पानावर, जानकीचे बूटही विराजमान. पात्यांवर चंदनाचा जाड लेप, त्यावर कुंकवाचे हे एवढाले ठिपके. जानकी आता अकरावीत. दोन वर्षांत एकदाही प्रोग्राम न पडता झाला नव्हता. कधी उडीत पडायची, कधी गिरकीत. एकदा तर सगळं नीट करून शेवटी नमस्कार करताना पडली!

आरती झाली, सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, वाटलं, आणि डेव्हिड सरांचा फोन. "नावं पाठवायची मुदत आज संपते. व्हिडिओ लागणार. मॉल दुपारनंतर गर्दीनं भरेल. बर्फ आत्ता रिकामा आहे, तासभर. येताय का?"

सगळे बुटांकडे बघायला लागले. बूट पानावर.

सुंदररावांचा चेहरा उतरला. "हात कसा लावूं? चाळीस वर्षांत पूजेच्या हत्याराला हात लावलों नाही." जानकी नुसती खाली बघून उभी. तिची ती एकच संधी पानावर बसली होती, कुंकू लावून!

तेवढ्यात तुळसावहिनींनी सुंडलची वाटी खाली ठेवली. "नियम काय आहे? हात लावायचा नाही. बरोबर?"

"बरोबर."

"पाय घालायचा नाही, असं कुठे म्हटलंय?"

सुंदरराव पानाला नमस्कार करून बाजूला झाले. गणिताच्या बाईंपुढे कोण बोलणार? मी केळीच्या पानासकट बूट उचलले. बुटांना बोट लागू दिलं नाही. रिक्षात मांडीवर पान, पानावर बूट, शेजारी झेंडूची फुलं. बर्फाच्या काठावर जानकीनं हात न लावता पाय सरकवत बूट घातले. मग प्रश्न आला नाड्यांचा. पहिल्यांदाच बर्फाच्या काठापर्यंत आलेल्या वहिनी म्हणाल्या, "नाड्यांना कुंकू नव्हतं लावलेलं. बांधा!"

आणि ती निघाली. पात्यांवरचं कुंकू पुसायला कुणाला सुचलंच नव्हतं. ती जिकडे जाईल तिकडे पांढऱ्या बर्फावर लाल रेघ! खांबापासून निघाली, वळली, उडी मारली, उतरली. मग गिरकी, तिथे लाल भोवरा. मग पाय मागे उंच, हात लांब, खांबाभोवती पूर्ण फेरी. लाल गोल. शेवटचा नमस्कार. उभी!

पडली नाही.

कुणी टाळ्याच वाजवेना. आम्ही सगळे ती नमस्कारानंतर पडते का, याची वाट बघत होतो.

डेव्हिड सरांनी व्हिडिओ पाठवला. पंधरा मिनिटांत गर्दीसाठी रिंक उघडायचा होता. सर म्हणाले, "मुरुगन, पूस लवकर."

मुरुगन फडका घेऊन आला, बर्फाकडे पाहिलं, आणि फडका खांद्यावर टाकून उभा राहिला.

"कोलम आहे सार. सणाच्या दिवशी पुसू कसा?"

*

आता शेवटचा. निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही श्वास धरून बसणार नाही. जानकीचा नंबर शेवटून दुसरा आला. पण हा किस्सा नंबराचा नाहीच.

स्पर्धा दूर उत्तरेला, डोंगरांच्या पायथ्याशी. सुंदररावांना हिंदी येत नाही, म्हणून दुभाषा म्हणून मी. डेव्हिड सरांचं नाक पहिल्याच दिवशी थंडीनं बंद झालं आणि आवाजही बसला, त्यामुळे ते फक्त खुणा करत होते. वहिनी आल्या नाहीत. शाळेत परीक्षा. फोनवर व्हिडिओ कॉल लावायचा असं ठरलं.

सरावासाठी बर्फावर सोडलं तेव्हा बाकीच्या मुली सुसाट निघाल्या. पाचव्या वर्षापासून बर्फावर वाढलेल्या पोरी! आणि जानकी मधोमध उभी. इकडे बघते, तिकडे बघते. रिंक केवढा? आमची गिंडीची शेड, शेजारची फाउंड्री आणि पुढचं पार्किंग, सगळं मावून वर चहाची टपरी बसेल एवढा. दोन मिनिटं ती हललीच नाही. मग सरकत कठड्याशी आली.

"अप्पा, खांब नाहीये."

आम्ही पाहिलं. खरंच नव्हता. असा आरपार मोकळा बर्फ आमच्यापैकी कुणी आयुष्यात पाहिला नव्हता.

"मला कळत नाहीये कुठून वळायचं. मी नाही करू शकणार. परत जाऊ या."

डेव्हिड सरांनी नाकाला रुमाल लावून हताश खूण केली. तिच्या आधी एकच मुलगी होती. मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो, पण सुंदररावांनी मला हातानं थांबवलं.

त्यांनी शर्टाच्या खिशातून सहा इंची पट्टी काढली. ती पट्टी त्यांच्या खिशात लग्नातही होती म्हणतात. एक डोळा मिटला. पट्टी डोळ्यासमोर आडवी धरली, मग उभी. नवं भोक पाडायच्या आधी जॉबवर, म्हणजे लोखंडाच्या तुकड्यावर, मध्य काढतात, अगदी तसं. मग म्हणाले, "जानू. तें समोरचं लाल दार दिसतें? त्यातून एक रेघ सरळ माझ्याकडे मार. आतां त्या घड्याळाखालून आडवी रेघ मार. दोन रेघा जिथं छेदतात, तिथं खांब. मी उभा केलों. जा."

जानकीनं तिकडे पाहिलं. मग विचारलं, "केवढा जाड?"

"होता तेवढाच. फोमासकट."

तिनं मान हलवली. आणि तिचं नाव पुकारलं गेलं.

ती बरोबर त्या जागी गेली. मोकळ्या हवेला हात लावला, तो डोळ्यांना लावला. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. संगीत सुरू झालं. माझ्या हातातल्या फोनमधून वहिनी कुजबुजत होत्या, "भाऊजी, फोन सरळ धरा. हं, आता उजवीकडे... उडी... उतरली! आता डावीकडे. अगं सांभाळ, खांब आला, खांब आला, पाय उचल!"

पाय उचलला. एवढा मोठा बर्फ मोकळा पडलेला आणि ही पोरगी त्यातल्या कल्याण मंडपाएवढ्या तुकड्यात, कशाभोवती तरी फेरी घालतेय. हात लांब, बोटं बरोबर एक इंचावर. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ मान वाकडी करून खांबापलीकडचं बघायला लागला! गिरकीत ती डगमगली, बर्फाला बोटं टेकली, पण पडली नाही. शेवटी परत त्या जागी आली, नमस्कार केला आणि खांबाच्या अलीकडून वळून, त्याला जागा सोडून, आमच्याकडे आली. रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही. माझ्याच चष्म्यावर धुकं होतं. थंडी फार होती तिथे.

मी फोन कानाला लावला. मी म्हटलं, "वहिनी? ऐकताय ना? झालं बरं का. आता ठरल्याप्रमाणे बूट माळ्यावर."

नाक ओढल्याचा आवाज आला. मग गणिताच्या बाई म्हणाल्या, "माळ्यावर कुठे? तिथे नवरात्रात मांडायच्या गोलूच्या बाहुल्यांच्या पेट्या आहेत. बुटांना जागा नाही म्हणावं."

तेवढ्यात पुढचं नाव पुकारलं. डोंगरातली मुलगी, तिथलीच, त्या बर्फाची राणी. आमच्या जानकीचं सगळं तिनं काठावर उभं राहून डोळे फाडून पाहिलं होतं. संगीत सुरू झालं आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बाणासारखी सुटली. काय वेग! सगळा बर्फ तिचा. सरळ, सरळ, सरळ, लाल दाराच्या रेघेत आली, घड्याळाखाली आली...

आणि खाडकन पाय फिरवून, वळसा घालून पुढे गेली.

माझ्या शेजारी सुंदररावांनी सुस्कारा सोडला. पट्टी खिशात ठेवली आणि म्हणाले,

"थोडक्यात वाचली!"